नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिनी घातपात

बाल्टिक समुद्राच्या तळावरून रशियाचा नैसर्गिक वायू थेट जर्मनीत नेणाऱ्या नॉर्ड स्ट्रीम वायुवाहिन्यांवर २६ सप्टेंबर २०२२ रोजी झालेले स्फोट. डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाजवळ एकाच दिवशी, सतरा तासांच्या अंतराने ते झाले आणि चारपैकी तीन नळ फुटले. रशिया-युक्रेन युद्धाचा तो आठवा महिना होता. हा अपघात नसून घातपात आहे, याबद्दल स्वीडन, डेन्मार्क आणि जर्मनी या तिन्ही देशांच्या तपासयंत्रणांचे एकमत आहे. तो कोणी केला, हे मात्र २०२५ अखेरपर्यंत कोणत्याही न्यायालयात सिद्ध झाले नव्हते.

पार्श्वभूमी

रशियाचा वायू पश्चिम युरोपात पोहोचायचा तो प्रामुख्याने युक्रेन, बेलारूस आणि पोलंड यांच्या भूमीवरून. या देशांना त्याचे वहनशुल्क मिळे आणि वाटाघाटींत वजनही. समुद्रतळावरून नळ टाकला की हे मधले देश वगळता येत होते. त्यासाठीचा करार २००५ मध्ये बर्लिनमध्ये झाला, तेव्हा रशियाचे अध्यक्ष व्लादिमीर पुतिन आणि जर्मनीचे चॅन्सलर गेऱ्हार्ड श्रोडर उपस्थित होते. पद सोडल्यावर थोड्याच काळात श्रोडर याच प्रकल्पाच्या भागधारक समितीचे अध्यक्ष झाले. पोलंडने पहिल्यापासून कडाडून विरोध केला. पोलंडचे तत्कालीन संरक्षणमंत्री राडोस्लाव सिकोर्स्की यांनी २००६ मध्ये या कराराची तुलना १९३९ च्या मोलोटोव्ह-रिबेनट्रॉप कराराशी (नाझी जर्मनी आणि सोव्हिएत संघ यांनी पोलंड आपसांत वाटून घेण्यासाठी केलेला करार) केली होती. तुलना टोकाची होती, पण तिच्यामागची भीती निराधार नव्हती, हे पुढच्या घटनांनी दाखवले.

नॉर्ड स्ट्रीम-१ चे दोन नळ रशियातील व्हीबोर्गपासून जर्मनीच्या किनाऱ्यावरील लुबमिनपर्यंत जातात. लांबी १,२२४ किमी., वार्षिक वहनक्षमता ५५ अब्ज घनमीटर. पहिला नळ नोव्हेंबर २०११ मध्ये आणि दुसरा ऑक्टोबर २०१२ मध्ये सुरू झाला. प्रकल्पात गाझप्रोम या रशियाच्या सरकारी वायू-कंपनीचा वाटा ५१ टक्के होता. उरलेला जर्मन, डच आणि फ्रेंच कंपन्यांचा. तेवढ्याच क्षमतेचा नॉर्ड स्ट्रीम-२ हा जोडप्रकल्प सुमारे साडेनऊ अब्ज युरो खर्चून सप्टेंबर २०२१ मध्ये पूर्ण झाला. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेने निर्बंध लादल्यावर नळ टाकणारी स्विस कंपनी बाजूला झाली होती, त्यामुळे शेवटचा टप्पा रशियन जहाजांनी पुरा केला. परवान्याची प्रक्रिया चालू असतानाच २२ फेब्रुवारी २०२२ रोजी चॅन्सलर ओलाफ शोल्त्स यांनी ती थांबवली. दोन दिवसांनी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. नॉर्ड स्ट्रीम-२ मधून विक्रीचा वायू कधीच वाहिला नाही.

नॉर्ड स्ट्रीम-१ मधला प्रवाह गाझप्रोमने जून २०२२ मध्ये क्षमतेच्या ४० टक्क्यांवर आणि जुलैत २० टक्क्यांवर आणला. कॅनडात दुरुस्तीला गेलेल्या एका टर्बाइनचे कारण पुढे करण्यात आले. जर्मनीने ते निमित्त ठरवले. ऑगस्टअखेर देखभालीसाठी बंद केलेला पुरवठा पुन्हा सुरू झालाच नाही. स्फोटांच्या दिवशी चारांपैकी एकाही नळातून युरोपला वायू मिळत नव्हता, ही बाब नीट लक्षात घ्यायला हवी. त्या हिवाळ्यातल्या टंचाईचे खापर अनेकदा स्फोटांवर फोडले जाते. वस्तुतः टंचाई आधीच सुरू झाली होती. नळ मात्र दाबाखालच्या वायूने भरलेले होते.

स्फोट

पहिला स्फोट स्थानिक वेळेनुसार रात्री २ वाजून ३ मिनिटांनी बॉर्नहोमच्या आग्नेयेला झाला. नॉर्ड स्ट्रीम-२ च्या 'अ' नळातला दाब १०५ बारवरून (बार हे दाबाचे एकक) ७ बारवर कोसळला, तेव्हा लुबमिनच्या नियंत्रण कक्षाला काहीतरी गंभीर घडल्याचे कळले. दुसरा धक्का संध्याकाळी ७ वाजून ३ मिनिटांनी, बेटाच्या ईशान्येला बसला. दोन्ही धक्के डेन्मार्क आणि स्वीडनच्या भूकंपमापकांवर उमटले, दुसरा २.३ महत्तेचा होता. भूकंपात खडक एकमेकांवर सरकतात आणि लहरींचा आलेख हळूहळू चढतो-उतरतो. स्फोटात सुरुवातच तीव्र असते आणि पहिला हादरा सर्व दिशांना बाहेरच्या बाजूने जातो. नोंदी दुसऱ्या प्रकारच्या होत्या, त्यामुळे भूकंपशास्त्रज्ञांना निष्कर्षाला पोहोचायला फार वेळ लागला नाही.

एकूण चार ठिकाणी गळती आढळली: दोन डेन्मार्कच्या आणि दोन स्वीडनच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात (प्रादेशिक समुद्रापलीकडचा, साधनसंपत्तीवर किनारी देशाचा हक्क असलेला सागरी पट्टा). नॉर्ड स्ट्रीम-१ चे दोन्ही नळ फुटले. नॉर्ड स्ट्रीम-२ चा 'अ' नळ दोन जागी फुटला आणि 'ब' नळ शाबूत राहिला. एकाच नळावर दोनदा घाव आणि शेजारच्या नळाला धक्का नाही, याचा समाधानकारक उलगडा झालेला नाही.

नळांची बांधणी पाहिली की घावाची ताकद कळते. आतला व्यास १,१५३ मिमी., पोलादाची जाडी ठिकाणानुसार २७ ते ४१ मिमी., आणि त्यावर काँक्रीटचे ६ ते ११ सेंमी. जाडीचे वेष्टन. बारा-बारा मीटरचे तुकडे जहाजावर जोडत हा नळ ७० ते ८० मीटर खोल तळावर सोडला होता. नॉर्ड स्ट्रीम-१ च्या कंपनीने नोव्हेंबर २०२२ मध्ये केलेल्या पाहणीत तीन ते पाच मीटर खोलीचे दोन खड्डे एकमेकांपासून २४८ मीटरांवर आढळले, आणि त्यांच्या मधला नळ उद्ध्वस्त झाला होता. प्रत्येक ठिकाणी काहीशे किलो स्फोटके वापरली गेली असावीत, असे डेन्मार्क आणि स्वीडनने संयुक्त राष्ट्रांना कळवले. आतल्या वायूचा प्रचंड दाब स्वतःच पोलाद फाडायला मदत करतो, म्हणून याहून कमी स्फोटके पुरली असतील, असेही मत पुढे मांडले गेले.

समुद्राच्या पृष्ठभागावर वायूचे बुडबुडे उसळून जवळजवळ एक किलोमीटर व्यासाचे खदखदणारे वर्तुळ तयार झाले. डेन्मार्कच्या एफ-१६ विमानांनी टिपलेली त्याची छायाचित्रे जगभर पोहोचली. जहाजांना पाच सागरी मैल दूर राहण्याचे आदेश दिले गेले. याच सुमारास, २७ सप्टेंबरला, नॉर्वेचा वायू डेन्मार्कमार्गे पोलंडला नेणाऱ्या बाल्टिक पाइप या वाहिनीचे उद्घाटन झाले.

राजकीय चर्चेत मागे पडलेली गोष्ट म्हणजे हवेत गेलेला मिथेन. २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार सुमारे ४ लाख ६५ हजार टन मिथेन वातावरणात मिसळला. एकाच घटनेतून मानवी कृतीमुळे झालेले हे आजवर नोंदलेले सर्वांत मोठे मिथेन-उत्सर्जन ठरते. वीस वर्षांच्या कालावधीत मिथेनची उष्णता धरून ठेवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटींहून अधिक असते. शिवाय बॉर्नहोमजवळच्या खोलगट भागात दुसऱ्या महायुद्धानंतर रासायनिक शस्त्रे बुडवलेली आहेत. तळाचा दूषित गाळ ढवळला गेल्याने तिथल्या माशांना आणि सागरी सस्तन प्राण्यांना धोका पोहोचला. या हानीची भरपाई कोणाकडूनही मागितली जात नाही, आणि हे खेदजनक आहे.

संशय आणि तपास

स्फोटांनंतर काही तासांतच आरोप सुरू झाले. पाश्चात्त्य राजधान्यांत अनेकांनी रशियाकडे बोट दाखवले. स्फोटांच्या चार दिवस आधी रशियन नौदलाचे पाणबुडी-बचाव जहाज एसएस-७५० त्या परिसरात होते आणि डेन्मार्कच्या गस्ती नौकेने त्याची छायाचित्रे घेतली होती, हे डेन्मार्कने पुढे मान्य केले. रशियाने ब्रिटिश नौदलाला आणि अमेरिकेला जबाबदार धरले. दोघांनी ते नाकारले. आक्रमण झाल्यास नॉर्ड स्ट्रीम-२ उरणार नाही, असे अमेरिकेचे अध्यक्ष जो बायडन ७ फेब्रुवारी २०२२ रोजी जाहीरपणे म्हणाले होते, त्याचा दाखला वारंवार दिला गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकी पत्रकार सेमूर हर्श यांनी अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांनी (पाण्याखाली बुडी मारून काम करणाऱ्या माणसांनी) नॉर्वेच्या मदतीने नौदल-सरावाच्या आडून स्फोटके लावल्याचा दावा केला. तो एका निनावी सूत्रावर आधारलेला होता आणि व्हाइट हाउसने तो खोटा ठरवला. कोणाचा फायदा झाला या प्रश्नावरून गुन्हेगार शोधू पाहणाऱ्यांच्या हाती इथे फारसे लागत नाही, कारण नळ बंद राहण्यात हितसंबंध असलेले अनेक होते.

मार्च २०२३ पासून तपासाची दिशा वेगळी झाली. जर्मन आणि अमेरिकी वृत्तपत्रांनी आंद्रोमेदा या सुमारे १५ मीटर लांबीच्या शिडाच्या नौकेची माहिती उजेडात आणली. रोस्टॉक इथून ती बनावट पारपत्रांवर भाड्याने घेतली गेली होती आणि तिच्यावर पाच पुरुष व एक स्त्री असे सहाजण होते, असे सांगण्यात आले. केबिनमधल्या टेबलावर ऑक्टोजेन या लष्करी स्फोटकाचे अंश सापडले. एवढ्या छोट्या नौकेवरून हे काम शक्य आहे का, यावर पाणबुड्यांमध्ये बराच वाद झाला. हौशी पाणबुड्यांची मर्यादा साधारण ४० मीटर असते. ८० मीटरवर हीलियममिश्रित श्वसनवायू लागतो आणि वर येताना शरीरातला वायू सुटू देण्यासाठी टप्प्याटप्प्याने दीर्घकाळ थांबावे लागते. कसलेल्या पाणबुड्यांना ते अशक्य नाही, असे जर्मन तपासयंत्रणेचे म्हणणे आहे.

स्वीडनने ७ फेब्रुवारी २०२४ रोजी आपल्याला अधिकारक्षेत्र नसल्याचे सांगून तपास बंद केला. त्याच महिन्यात डेन्मार्कनेही, घातपात हेतुपुरस्सर असला तरी खटला उभा करण्याइतका आधार नाही, असे म्हणत फाइल मिटवली. उरला जर्मनी. त्याने युक्रेनी नागरिकांविरुद्ध अटक-वॉरंट काढले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका माजी युक्रेनी अधिकाऱ्याला इटलीत अटक झाली आणि न्यायालयीन लढाईनंतर नोव्हेंबरमध्ये त्याला जर्मनीच्या ताब्यात देण्यात आले. त्याने आरोप नाकारले आहेत. पोलंडमध्ये उलट घडले. तिथे पकडलेल्या एका पाणबुड्याला सोपवायला वॉर्सा न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नकार दिला. पंतप्रधान डोनाल्ड टुस्क यांनीही, नॉर्ड स्ट्रीम उडवली गेली ही अडचण नसून ती बांधली गेली ही अडचण आहे, अशी भूमिका घेतली होती. युक्रेन सरकारने आपला सहभाग सातत्याने नाकारला आहे. रशियाने मार्च २०२३ मध्ये स्वतंत्र आंतरराष्ट्रीय चौकशीचा ठराव सुरक्षा परिषदेत मांडला. त्याला रशिया, चीन आणि ब्राझील अशी तीनच मते मिळाली, बारा सदस्य तटस्थ राहिले आणि ठराव फेटाळला गेला.

कायदेशीर पेच

किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतच्या प्रादेशिक समुद्रात किनारी देशाचा फौजदारी कायदा चालतो. त्यापलीकडच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात त्या देशाला मासे, खनिजे यांवर हक्क असतात, पण तिथून जाणाऱ्या परकीय नळाच्या मोडतोडीबद्दल खटला भरण्याचा स्पष्ट अधिकार नसतो. १९८२ च्या समुद्र कायदा कराराचे कलम ११३ सांगते की, आपल्या ध्वजाच्या जहाजाने किंवा आपल्या अधिकारक्षेत्रातल्या व्यक्तीने समुद्रतळावरची वाहिनी तोडल्यास तो गुन्हा ठरवणारा कायदा प्रत्येक देशाने करावा. म्हणजे गुन्हेगार कोणत्या देशाचा हे आधी कळले पाहिजे. ही तरतूद मुळात १८८४ च्या तारायंत्र-केबल कराराच्या मुशीतली आहे आणि आजच्या गरजेला ती अगदीच तोकडी पडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड आणि एस्टोनिया यांना जोडणारी बाल्टिककनेक्टर वायुवाहिनी एका जहाजाच्या नांगराने फुटली. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच समुद्रातली वीजवाहिनी तुटली, तेव्हा ईगल एस या तेलवाहू जहाजाच्या अधिकाऱ्यांवरचा खटला हेलसिंकीच्या न्यायालयाने अधिकारक्षेत्राअभावीच निकालात काढला.

अरबी समुद्रातल्या मुंबई हाय आणि वसई क्षेत्रांतून उरण व हजिराकडे येणाऱ्या समुद्रतळावरच्या वाहिन्यांची कायदेशीर स्थिती याहून भक्कम आहे. त्या भारताच्याच खंडीय मंचावरच्या (किनाऱ्यालगत समुद्राखाली पसरलेल्या भूभागावरच्या) साधनसंपत्तीसाठी टाकलेल्या असल्याने १२ मैलांपलीकडेही त्यांच्यावर भारताचा अधिकार चालतो; नॉर्ड स्ट्रीम ही दुसऱ्यांच्या सागरी क्षेत्रातून जाणारी निव्वळ वहनमार्गिका होती.

सद्यःस्थिती

फुटलेले नळ दुरुस्त झालेले नाहीत. शाबूत राहिलेल्या नळातून वायू देण्याची तयारी पुतिन यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये दाखवली होती; जर्मनीने ती नाकारली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विल्हेल्म्सहाफेन इथे द्रवरूप नैसर्गिक वायू उतरवणारे पहिले तरंगते केंद्र सुरू केले. नॉर्ड स्ट्रीम-१ च्या कंपनीने नुकसानभरपाईसाठी लंडनमध्ये विमा कंपन्यांवर ४० कोटी युरोंहून अधिक रकमेचा दावा लावला असून, युद्धजन्य हानी विम्यात मोडत नाही, असा विमा कंपन्यांचा बचाव आहे. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने दोन्ही वाहिन्यांशी संबंधित व्यवहारांवर बंदी घातली.