पिटकिन काउंटीचा शेरिफ : १९७० सालच्या एका उमेदवारीची पार्श्वभूमी

मुंबईकरांना ‘शेरिफ’ हा शब्द नवा नाही. मुंबईचे शेरिफ, म्हणजेच नगरपाल, हे मानाचे पद; दिलीपकुमार किंवा सुनील गावस्कर यांच्यासारख्या नामवंतांची त्यावर नेमणूक होत असे आणि परदेशी पाहुण्यांचे स्वागत करणे, शोकसभा बोलावणे असा त्याचा समारंभापुरता व्याप असे. इंग्लंडात उगम पावलेले हेच पद अमेरिकेत मात्र मतपेटीशी जोडले गेले. तिथल्या बहुतेक राज्यांत काउंटीचा, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, शेरिफ लोक थेट निवडून देतात. तुरुंग त्याच्या ताब्यात असतो, न्यायालयाचे हुकूम तो बजावतो आणि ज्या भागात शहराचे वेगळे पोलीस नाहीत तिथला बंदोबस्तही त्याच्याकडेच असतो. शिवाय कोणता कायदा किती कडकपणे राबवायचा, हे बऱ्याच अंशी त्याच्या कलावर ठरते. कोलोरॅडो राज्यातील अ‍ॅस्पेन या डोंगरी गावी १९७० साली हंटर थॉम्प्सन या पत्रकाराने याच पदासाठी अर्ज भरला, तेव्हा तो केवळ विक्षिप्तपणा आहे असे अनेकांना वाटले. त्यामागचा इतिहास मात्र जमिनीच्या भावाचा आहे.

अ‍ॅस्पेन हे मुळात चांदीच्या खाणींचे गाव. १८९३ साली अमेरिकी सरकारने चांदीची ठरावीक खरेदी थांबवली आणि गावाचा कणाच मोडला. १९३०च्या जनगणनेत तिथे ७०५ माणसे उरली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर शिकागोचे उद्योगपती वॉल्टर पेपके यांनी तिथे स्कीइंग, संगीत आणि विचारवंतांची संमेलने आणली. पैसेवाले पर्यटक आले, त्यांच्यामागून जमिनीचे दलाल आले आणि १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात लांब केसांची, बेताच्या कमाईची तरुण मंडळीही येऊन राहू लागली. हे गाव ज्या पिटकिन काउंटीत आहे तिची लोकसंख्या १९६० मध्ये २,३८१ होती, ती दहा वर्षांत ६,१८५ झाली. काउंटीतले निम्म्याहून अधिक लोक असे नवे असताना ‘बाहेरचा’ कोणाला म्हणायचे, हा प्रश्न खरे तर कोणीच विचारला नाही. जुन्या वस्तीच्या आणि व्यापाऱ्यांच्या लेखी त्याचे उत्तर ठरलेले होते : हिप्पी.

या तरुणांना भटकेपणाच्या आरोपाखाली पकडून दंड किंवा कोठडी देण्याचा सपाटा सुरू झाला, तेव्हा जो एडवर्ड्स नावाच्या एका तरुण वकिलाने त्यांच्या बाजूने न्यायालयात दावा लावला. याच एडवर्ड्सना थॉम्प्सन आणि त्यांच्या मित्रांनी १९६९ साली महापौरपदासाठी उभे केले. थॉम्प्सन मूळचे केंटकी राज्यातील लुईव्हिलचे, नुकतेच अ‍ॅस्पेनजवळच्या वुडी क्रीक येथे स्थायिक झालेले. मोटारसायकलस्वारांच्या एका कुप्रसिद्ध टोळीवरील पुस्तकाने त्यांचे नाव झाले होते. १९६८ साली शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनाच्या वेळी पोलिसांनी निदर्शकांवर केलेली लाठीमारी त्यांनी जवळून पाहिली होती आणि राजकारणाकडे नुसते बघत राहण्याचे दिवस त्यांच्यापुरते तिथेच संपले होते. मतदार यादीत कधीच नाव न घातलेल्या माणसांना नोंदणीसाठी घराबाहेर काढणे, हे एडवर्ड्स यांच्या प्रचारातले मुख्य काम होते. गावात येऊ घातलेला चौपदरी महामार्ग अडवणे, हा त्यातला एक मुख्य मुद्दा होता. एडवर्ड्स अवघ्या सहा मतांनी हरले.

सहा मतांचे हे अंतर नसते तर १९७० सालची उमेदवारी बहुधा झालीच नसती. थॉम्प्सन यांनी ‘फ्रीक पॉवर’, म्हणजे साधारण ‘विक्षिप्तांची ताकद’, या नावाने, कोणत्याही पक्षाविना अर्ज भरला. चित्रकार टॉम बेंटन यांनी शेरिफच्या बिल्ल्यावर दोन अंगठे असलेली मूठ काढून भित्तिपत्रक केले. विद्यमान शेरिफ कॅरल व्हिटमायर यांचे केस बारीक कापलेले असत. थॉम्प्सन यांनी स्वतःचे डोके तुळतुळीत भादरून घेतले आणि भर सभेत व्हिटमायर यांचा उल्लेख ‘माझे लांब केसांचे प्रतिस्पर्धी’ असा करण्याची सोय करून घेतली. जाहीरनाम्यात रस्त्यांचे डांबर उखडून हिरवळ लावण्याची आणि मोटारी गावाच्या वेशीवर थांबवण्याची योजना होती. गावाचे नाव बदलून ‘फॅट सिटी’, म्हणजे साधारण ‘चैनपूर’, ठेवायचे होते. शेरिफ व त्याचे सहकारी लोकांत वावरताना शस्त्र बाळगणार नाहीत, असे वचन होते. अमली पदार्थांच्या व्यवहारात फसवणूक करणाऱ्यांना न्यायालयासमोर लाकडी खोड्यात हातपाय अडकवून ठेवण्याचा बेतही होता. नाव बदलण्याचे कलम वाचून आजही हसू येते, पण त्यामागचा हिशेब पक्का होता : ‘अ‍ॅस्पेन’ या नावावर भूखंड विकणाऱ्यांच्या हातून ते नावच काढून घ्यायचे. लाकडी खोड्याची ही थट्टा मात्र त्यांना महाग पडली असावी, कारण विरोधकांना भीती पसरवायला याहून सोपे साधन नव्हते.

ऑक्टोबर १९७० मध्ये ‘रोलिंग स्टोन’ या नियतकालिकात थॉम्प्सन यांचा या लढाईवरचा लेख आला आणि स्थानिक निवडणुकीला देशभर प्रेक्षक मिळाले. त्याचा धसका दोन्ही पक्षांनी घेतला. मतदानाला थोडे दिवस उरले असताना शेरिफपदाचा रिपब्लिकन उमेदवार बाजूला झाला आणि मोबदल्यात डेमोक्रॅटांनी काउंटी कमिशनरच्या, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणाऱ्या मंडळाच्या सदस्याच्या, जागेवरचा आपला माणूस मागे घेतला. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणाऱ्यांची ही हातमिळवणी निर्णायक ठरली. थॉम्प्सन यांना सुमारे ४४ टक्के मते मिळाली. अ‍ॅस्पेन शहरात ते पुढे होते; पण शेरिफ साऱ्या काउंटीचा असतो आणि शहराबाहेरच्या मतांनी व्हिटमायर यांची खुर्ची राखली. मतदानाचे वय तेव्हा २१ होते, ते देशभर १८ वर आले १९७१ साली, हेही इथे नोंदवायला हवे.

पुढे जे घडले त्यात थॉम्प्सन उमेदवार म्हणून कुठेच नाहीत. १९७२ साली जो एडवर्ड्स काउंटी कमिशनर म्हणून निवडून आले आणि काउंटीने बांधकामाच्या घनतेवर कडक मर्यादा घातल्या. त्याच निवडणुकीत कोलोरॅडोच्या मतदारांनी १९७६च्या हिवाळी ऑलिंपिकसाठी सरकारी पैसा देण्यास नकार दिला, तेव्हा वाढीला विरोध करणारे अ‍ॅस्पेनचे हिप्पी एकटे नव्हते हेही उघड झाले. शेरिफपदावर १९७६ साली डिक कीनास्ट आले. वेष पालटून अमली पदार्थांचे गुन्हे पकडण्याची पद्धत त्यांनी नाकारली. त्यांच्यानंतर १९८६ पासून बॉब ब्राउडिस तब्बल २४ वर्षे त्या जागी होते, आणि ते थॉम्प्सन यांचे जवळचे मित्र होते. थॉम्प्सन २००५ साली वुडी क्रीकच्या घरीच वारले. अ‍ॅस्पेनच्या वेशीवरून गावात येणाऱ्या महामार्गाचे काय करायचे, हा १९६९च्या प्रचारातला वाद मात्र अजूनही मिटलेला नाही.