सुप्त एचआयव्ही संसर्ग : जीनोमव्यापी अभ्यास

एचआयव्हीचा डीएनए सीडी४ पेशीच्या (एका प्रकारच्या प्रतिकारपेशीच्या) गुणसूत्रात जोडला जाऊन (प्रोव्हायरस) निष्क्रिय राहतो, त्या अवस्थेचा संपूर्ण जीनोमच्या पातळीवरील अभ्यास. नियमित औषधोपचारातही विश्रांत (न विभागणाऱ्या) स्मृतिपेशींमध्ये विषाणू टिकून राहतो, हे १९९७ च्या सुमारास तीन संशोधनगटांनी दाखवले. अशा पेशींच्या साठ्याचे अर्धायुष्य सुमारे ४४ महिने मानतात.

सुप्तावस्थेच्या कारणाबाबत मतभेद आहेत. एक मत पेशीच्या विश्रांतीला महत्त्व देते, दुसरे जोडणीच्या जागेला. विषाणू प्रामुख्याने कार्यरत जनुकांत जोडला जातो, असे २००२ मध्ये दिसल्यावर दुसरे मत काहीसे मागे पडले. २०१४ मध्ये मात्र बीएसीएच२ आणि एमकेएल२ या जनुकांत वारंवार जोडण्या सापडल्या; अशा पेशी विभागून वाढतात, म्हणजे साठा नव्या संसर्गाविनाही टिकतो. औषधांविना विषाणू काबूत ठेवणाऱ्या विरळा व्यक्तींमध्ये अखंड (नवा विषाणू घडवू शकणारे) प्रोव्हायरस सेंट्रोमियरजवळच्या (गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाजवळच्या) पुनरावृत्त डीएनएत आढळतात (२०२०). दीर्घकाळ टिकण्यापुरते तरी जागेचे पारडे जड वाटते.

जोडणीची जागा शोधण्यासाठी डीएनए ध्वनिलहरींनी तोडतात, तुकड्यांना लिंकर (माहीत असलेला छोटा डीएनए) जोडतात आणि एलटीआरपासून (प्रोव्हायरसच्या टोकाच्या भागापासून) बाहेरच्या दिशेने पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची क्रिया) करतात. तुटण्याची ठिकाणे वेगवेगळी पण जोडणीची जागा एकच असेल, तर ती पेशी विभागून झालेली वाढ. तुटण्याचे ठिकाणही एकच असेल, तर ती बहुधा पीसीआरची नक्कल. दोन्ही टोकांचे एलटीआर सारखेच असल्याने विषाणूच्या आतला तुकडाही वाढतो. तो विकराने कापून टाकावा लागतो. पुनरावृत्त डीएनएतील आखूड वाचने (वाचलेले डीएनए तुकडे) नेमकी कुठली, हे ठरत नाही. नेमके तेथेच अखंड प्रोव्हायरस दडलेले असू शकतात. रक्त गोठू नये म्हणून हेपारिनच्या नळीत घेतल्यास पीसीआर अडतो, त्याऐवजी ईडीटीए वापरावे.

मुंबईत जे. जे. रुग्णालयात २००४ पासून मोफत औषधोपचार मिळतो, त्यामुळे दीर्घकाळ विषाणू दबलेले रुग्ण येथे आहेत. भारतात मात्र एचआयव्हीचा उपप्रकार सी प्रबळ आहे. अखंड प्रोव्हायरस मोजणारी, पॅकेजिंग संकेत व एन्व्ह (विषाणूच्या आवरणाचे जनुक) अशा विषाणूतील दोन जागा एकाच थेंबात तपासणारी डिजिटल पीसीआर चाचणी (२०१९) उपप्रकार बी वर बेतलेली होती. प्रोब (ती जागा ओळखणारा डीएनए तुकडा) जुळला नाही, तर अखंड प्रोव्हायरस सदोष गणला जातो. डीएनए काढताना तुटला तरीही तीच चूक होते. तुटण्यामुळे होणारी चूक मानवी आरपीपी३० जनुकाच्या दोन जागा मोजून सुधारतात. प्रोबसाठी मात्र त्या रुग्णाच्या विषाणूचा एन्व्ह आधी वाचून घेणेच योग्य.