'बेस वेट' नावाचा आकडा कुठून आला?

लांबच्या ट्रेकची तयारी सुरू झाली की आज पहिला प्रश्न येतो, "बेस वेट किती?" म्हणजे वाटेत संपणाऱ्या गोष्टी सोडून सॅकचं वजन किती? पन्नास वर्षांपूर्वीच्या ट्रेकरला हा प्रश्नच कळला नसता. सॅक जड आहे हे त्याला खांद्यांवरून कळायचं. काय मोजायचं आणि काय सोडायचं, याचा वाद नंतरचा.

पाठीवर ओझं घेऊन डोंगर ओलांडणं फार जुनं आहे. १९९१ साली आल्प्समधल्या बर्फात सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीच्या माणसाचा मृतदेह सापडला. त्याच्याजवळ हेझलची वाकवलेली काठी आणि लार्चच्या फळ्या होत्या. बहुतेक अभ्यासक हा पाठीवरच्या ओझ्याचा सांगाडा मानतात. त्यानंतर हजारो वर्षं कॅनव्हास, चामडं, लोकर आणि लाकूड यांचंच राज्य होतं.

सामान खऱ्या अर्थानं बदललं ते १९३० ते १९८० या पन्नास वर्षांत. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक गारठून मेले आणि त्यांच्या बुटांकडे बोट दाखवलं गेलं. दोनच वर्षांनी दातेरी रबरी तळव्याचे बूट बाजारात आले. नायलॉनही याच दशकातलं. महायुद्धात ते पॅराशूटसाठी वापरलं गेलं आणि युद्ध संपल्यावर तंबू, सॅक, पोंचो यांत शिरलं. १९५० च्या दशकात अ‍ॅल्युमिनियमची चौकट आणि कमरेचा पट्टा असलेली सॅक आली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध तोच पट्टा. तो कमरेच्या हाडांवर घट्ट आवळायचा आणि मग खांद्याचे पट्टे दोन बोटं सैल सोडायचे. मान मोकळी होते, श्वास खोल जातो, आणि मघाशी खांद्यात रुतणारं वजन पायांवर उतरतं. १९६७ च्या सुमारास चौकट सॅकच्या आत गेली. १९७६ पासून पाणी अडवणारं आणि घामाची वाफ बाहेर सोडणारं पातळ पटल असलेली जाकिटं मिळू लागली.

पण सॅक जास्त ओझं पेलायला लागली तशी माणसं जास्त ओझं भरायला लागली. आठवड्याच्या भटकंतीला २०-२५ किलो घेऊन निघणं यात कुणाला वावगं वाटेना. याच काळात, १९५५ साली, ६७ वर्षांच्या एका आजींनी अमेरिकेतली ३,३०० किलोमीटरहून लांब अ‍ॅपलाचियन ट्रेल एकटीनं पुरी केली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, तंबूऐवजी बाथरूमचा प्लॅस्टिकचा पडदा. त्यांचं कौतुक खूप झालं, अनुकरण मात्र जवळजवळ चार दशकं झालं नाही.

१९९० च्या दशकात लांब पल्ल्याच्या वाटा चालणाऱ्यांनी हलक्या सामानाचा विचार उचलून धरला. सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन, शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी बनलेलं कापड, स्लीपिंग बॅगऐवजी पाठीकडून उघडी असलेली रजई, चौकट नसलेली सॅक, असं एकेक येत गेलं. त्याबरोबर बेस वेट हा शब्द रुळला.

व्याख्या वरवर सोपी आहे: अन्न, पाणी आणि इंधन वगळून सॅकचं सगळं वजन. खाणं रोज कमी होतं, पाणी तासागणिक बदलतं, तेव्हा दोघांच्या सामानाची तुलना करायला एक स्थिर आकडा हवा, हा मूळ विचार रास्त होता. घोळ सुरू झाला तो मर्यादा ठरल्यावर. ४.५ किलोच्या आत असाल तर तुम्ही 'अल्ट्रालाइट', नऊच्या आत असाल तर 'लाइट'. हे साडेचार किलो म्हणजे गोळाबेरीज दहा पौंड. माणसाचं शरीर, हवामान किंवा वाटेचा चढ यांच्याशी त्यांचा काही संबंध नाही.

मग माणसं आकड्यासाठी सामान हलवू लागली. अंगावरचं वजन मोजायचं नसतं, म्हणून कॅमेरा छातीला, चाकू खिशात आणि जाकीट अंगात. बूटही यातूनच सुटतात. खरं तर पायातलं वजन चालताना पाठीवरच्या वजनाच्या चार ते सहा पट महाग पडतं. गॅसच्या डब्याचंही तसंच. २३० ग्रॅम गॅसच्या डब्याचं नुसतं धातूचं वजन सुमारे १५० ग्रॅम असतं. इंधन म्हणून तो डबा आकड्यातून वगळणारे आहेत आणि भांडं म्हणून धरणारेही. माझं मत दुसऱ्यांच्या बाजूचं आहे: जळून जात नाही ते इंधन नव्हे.

याहून गंभीर चूक गृहीतकात आहे. हा आकडा ज्या वाटांवर घडला, तिथे चार-पाच दिवसांनी गाव लागतं आणि शिधा भरता येतो. तोच आकडा कोरड्या, निर्मनुष्य टापूत नेला की हिशेब बिघडतो. सहा दिवसांचं खाणं रोजी ७०० ग्रॅम धरलं तरी चार किलोंच्या वर जातं. चार लिटर पाणी म्हणजे आणखी चार किलो. बेस वेट साडेचार असलेल्या माणसाच्या पाठीवर पहिल्या सकाळी जवळपास तेरा किलो असतात. आणि हलकं राहायचं म्हणून त्यानं घेतलेली असते बिनचौकटीची सॅक. आत गुंडाळून ठेवलेली झोपायची मॅट हीच तिची पाठ. दहा-अकरा किलोंच्या पुढे ती मॅट दुमडते, सॅक मधोमध बसते आणि कमरेचा पट्टा असला तरी भार पुन्हा खांद्यांवर येतो.

म्हणून अलीकडे दोन गोष्टी दिसतात. अनेकजण बेस वेटच्या शेजारी दुसरा आकडा लिहू लागले आहेत: बूट, कपडे, काठ्या, खाणं, पाणी सगळं धरून निघतानाचं एकूण वजन. आणि हलक्या सॅकमध्ये चौकट परत आली आहे, कधी अ‍ॅल्युमिनियमच्या एक-दोन पट्ट्या, कधी कार्बन फायबरच्या नळ्या. वजन वाढतं ते थोड्याशा ग्रॅमनी. बेस वेटच्या तक्त्यात ते तोट्याच्या बाजूला पडतं, पण पाणवठ्यावर चारही बाटल्या भरून सॅक उचलली की भार पुन्हा कमरेवर जातो.