पानामागच्या रंगावर हक्क कोणाचा?

सुरुवातीच्या ब्राउझरांत वेबपानामागे बहुधा एकच करडा रंग असायचा. १९९५ साली नेटस्केप १.१ या ब्राउझरमध्ये बॉडी टॅगला, म्हणजे पानाचा दिसणारा भाग ज्यात असतो त्या खुणेला, रंग आणि चित्र देण्याची सोय आली आणि छोटंसं चित्र फरशीसारखं मांडत नेलेली पानं सगळीकडे उगवली. त्यांवरचा मजकूर वाचवत नसे. पण रंग ठरवणारा आणि कोड लिहिणारा एकच असल्यामुळे वाद नव्हता.

डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची, म्हणजे पानाचं रूप ठरवणाऱ्या नियमांच्या भाषेची, पहिली आवृत्ती आली. रंग, चित्र, पुनरावृत्ती, स्थान, स्क्रोलबरोबर सरकणं या प्रत्येकाला वेगळा गुणधर्म मिळाला, शिवाय सगळं एका ओळीत लिहायला ‘बॅकग्राउंड’ हा शॉर्टहँड. खरी मेख त्यातच आहे. शॉर्टहँडमध्ये जे लिहीत नाही ते जसंच्या तसं राहत नाही, सीएसएसने ठरवलेल्या मूळ किमतीवर जातं. वर कुठे चित्र दिलेलं असेल आणि खाली कोणी नुसतं ‘बॅकग्राउंड: व्हाइट’ लिहिलं, तर चित्र गायब. या एका ओळीपायी मी अख्खी संध्याकाळ घालवली आहे. चित्राची फाइल तपासत बसलो होतो!

तयार थीम, म्हणजे पानांच्या रूपाचे आयते साचे, आल्यावर हे जास्त बोचू लागलं, कारण आता कोड एकाचा आणि निवड दुसऱ्याची. २०१० मध्ये ब्लॉगर या ब्लॉग-सेवेने टेम्प्लेट डिझायनर हे पानाचं रूप निवडायचं साधन आणलं. त्याच्या टेम्प्लेटमध्ये बॅकग्राउंड हा व्हेरिएबलचा (किंमत बदलता येईल अशा नावाचा) स्वतंत्र प्रकारच होता: रंग, चित्र, पुनरावृत्ती, सगळं एका नावाखाली. त्याच वर्षी वर्डप्रेस या साइट बनवायच्या प्रणालीच्या ३.० आवृत्तीत कस्टम बॅकग्राउंड, म्हणजे वापरकर्त्याने निवडायचं बॅकग्राउंड, आलं. तिथली युक्ती साधी आहे. वापरकर्त्याचा नियम नुसत्या बॉडीवर न लावता ‘कस्टम-बॅकग्राउंड’ क्लास (टॅगला लावलेलं नाव) असलेल्या बॉडीवर लावायचा, म्हणजे जास्त नेमका असल्यामुळे थीमच्या साध्या बॉडी-नियमावर तो भारी पडतो. थीमवाल्याने बॉडी टॅगमध्ये क्लास छापणारं फंक्शनच टाकलं नसेल, तर मात्र रंग निवडूनही पान ढिम्म!

२०१६-१७ पर्यंत प्रमुख ब्राउझरांत सीएसएसचे स्वतःचे व्हेरिएबल स्थिरावले. त्यामुळे रंगाला एकदा नाव द्यायचं आणि किंमत तेवढी बदलायची, हे सर्व्हरच्या मदतीशिवाय जमू लागलं. डार्क मोडलाही तेच उपयोगी पडलं.

जुना बॉडी टॅग अजून पाठ सोडत नाही, ते वेगळंच. सगळं पान ज्यात असतं त्या एचटीएमएल या मूळ घटकाला बॅकग्राउंड नसेल तर बॉडीचा रंग सगळ्या खिडकीभर पसरतो. मूळ घटकाला दिला, की बॉडीचा रंग बॉडीच्या चौकटीतच अडकतो.