शॉक हार्ड घ्यावा की सॉफ्ट?

ऑफ-रोड, म्हणजे कच्च्या-खडकाळ वाटांवर चालवायच्या ट्रकचे शॉक ॲब्सॉर्बर बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न हमखास हाच: हार्ड घेऊ की सॉफ्ट? पाठोपाठ दुसरा: कंपनी कोणती? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण रांगेत बरेच मागचे आहेत. सामान भरल्यावर ट्रकचं वजन किती होतं, चाक वरखाली किती हलतं आणि वाईट रस्त्यावर सलग किती वेळ चालवायचं आहे, हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरलं की हार्ड-सॉफ्टचा निकाल बराचसा आपोआप लागतो.

गाडीचं वजन शॉक पेलत नाही. ते काम स्प्रिंगचं, किंवा मागे पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) असतील तर पाट्यांचं. पण दबलेली स्प्रिंग धक्क्याची ऊर्जा जिरवत नाही. ती साठवते आणि पुढच्याच क्षणी परत करते. नुसत्या स्प्रिंगवर चालणारा ट्रक एका उंचवट्यानंतर कितीतरी वेळ डोलत राहील. ते डोलणं थांबवायला शॉक लागतो. त्याच्या नळीत तेल भरलेलं असतं आणि तेलात एक पिस्टन मागे-पुढे सरकतो. पिस्टनला छिद्रं असतात आणि छिद्रांवर स्टीलच्या पातळ चकत्यांची चवड बसवलेली असते. तेलाला पलीकडे जायचं तर चकत्या वाकवून, वाट काढत जावं लागतं. या झगड्यात गतीची ऊर्जा उष्णता बनते. शॉकचं सगळं काम एवढंच: गती घ्यायची, उष्णता टाकायची.

ही उष्णता किती, याचा अंदाज सहसा येत नाही. पन्हळी कच्चा रस्ता घ्या, ज्यावर पाऊण-पाऊण मीटरवर आडव्या लाटा उठलेल्या असतात. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर. म्हणजे प्रत्येक चाक सेकंदाला २२ लाटा ओलांडतं. टायरने बराचसा मार खाल्ला आणि शॉकच्या वाट्याला वर ५ मिलिमीटर, खाली ५ मिलिमीटर एवढीच हालचाल आली असं धरू. तरी पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला ४४ सेंटिमीटर होतो. त्या वेगाला शॉकने हजारेक न्यूटनचा विरोध केला, तर एकेका शॉकमध्ये साधारण ४५० ते ५०० वॅट उष्णता तयार होते. चार शॉक मिळून खोली तापवायचा हीटरच झाला, आणि तो रस्ता संपेपर्यंत चालू. तेल तापलं की पातळ होतं आणि छिद्रांतून सहज निसटतं. सकाळी घट्ट वाटलेला ट्रक दोन तासांनी होडीसारखा हेलकावे खायला लागतो तो यामुळे.

त्याहून वाईट म्हणजे फेस. पिस्टन जोरात पुढे सरकला की त्याच्या मागे दाब एकदम कमी होतो आणि तेलात बुडबुडे धरतात. तेल दाबलं जात नाही, बुडबुडा मात्र चेंबतो. फेसाळलेल्या तेलात पिस्टन क्षणभर मोकळाच फिरतो. यावर उपाय म्हणून शॉकमध्ये नायट्रोजन वायू दाबाने भरतात. तो कोरडा असतो आणि तेलाला ऑक्सिजन लागू देत नाही.

नायट्रोजन कुठे आणि किती भरला, यावरून शॉकच्या दोन जाती पडतात. ट्विन-ट्यूबमध्ये एकात एक दोन नळ्या असतात. आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल आणि कमी दाबाचा वायू. मोनोट्यूबमध्ये नळी एकच. तिच्या एका टोकाला १५-२५ बार दाबाचा वायू असतो आणि वायू व तेल यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन. ही कल्पना फ्रेंच अभियंता बुर्सिए द कार्बों यांची. जर्मनीच्या बिल्स्टाइन कंपनीने १९५०च्या दशकात ती मोटारींच्या उत्पादनात आणली. मोनोट्यूबमध्ये तेल आणि वायू मिसळूच शकत नाहीत, म्हणून फेसाचा धोका खूप कमी. शिवाय तेलाची नळी थेट वाऱ्यात उघडी असल्याने उष्णता लवकर बाहेर पडते. ट्विन-ट्यूबमध्ये आतल्या नळीभोवती तेलाचंच पांघरूण असतं.

मग मोनोट्यूबच घ्यावा? लांब, वेगवान, खडबडीत रस्ते असतील तर होय. पण दगडांच्या नाल्यात सावकाश चढउतार करणाऱ्यांनी थोडं थांबावं. ट्विन-ट्यूबच्या बाहेरच्या नळीला दगडाने पोचा पडला तरी आतला पिस्टन बेलाशक फिरत राहतो. मोनोट्यूबची बाहेरची भिंत हीच पिस्टनची वाट असते, त्यामुळे एक खोल पोचा आणि शॉक तिथेच अडकला. सावकाश चालण्यात उष्णताही फारशी साचत नाही. अशा ट्रकला जाड पत्र्याचा चांगला ट्विन-ट्यूब पुरतो, आणि महागड्या मोनोट्यूबचा हट्ट मला तरी अनाठायी वाटतो. एक पथ्य मात्र पाळायचं: ट्विन-ट्यूब उलटा बसवता येत नाही.

आता वजन. धक्क्यानंतर एकही हेलकावा न घेता गाडी थेट मूळ जागी यावी, यासाठी जेवढा अवरोध लागतो त्याला क्रांतिक अवरोध म्हणतात. प्रवासी वाहनांत साधारण त्याच्या २० ते ४० टक्के अवरोध ठेवतात. त्याहून बराच जास्त ठेवला तर प्रत्येक खडा थेट पाठीत येतो. समजा एका चाकावर ५०० किलो भार आहे, स्प्रिंग मिलिमीटरला २५ न्यूटनची आहे (मिलिमीटरभर दाबायला तेवढं बळ लागतं) आणि शॉक नेमका ३० टक्क्यांना बसतो. आता गाडीवर तंबू, पाण्याच्या टाक्या आणि पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र) चढवली. त्या चाकावरचा भार ६०० किलो झाला आणि गाडी बसू नये म्हणून स्प्रिंग ३५ न्यूटनची टाकली. शॉक तोच ठेवला तर तेच प्रमाण २३ टक्क्यांवर येतं. शॉक झिजलेला नाही, गळत नाही, तरी गाडी डोलते. कडक स्प्रिंग टाकल्यावर शॉकही तिला जुळणारा लागतो तो याच गणिताने. उलट रिकाम्या ट्रकला 'हेवी ड्युटी' शॉक लावले की मागचा भाग ठेचकाळत उडतो. म्हणून खरेदीआधी ट्रक नेहमीच्या सामानासकट काट्यावर नेऊन पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं करून घ्यावं.

आणि 'हार्ड' म्हणजे तरी कोणत्या वेगाला हार्ड? इथे वेग पिस्टनचा, गाडीचा नाही. वळणावर गाडी कलते किंवा ब्रेकला नाक खाली घालते तेव्हा पिस्टन हळू सरकतो. ताशी १० किलोमीटरने जाताना चाक दगडावरून धप्पकन पडलं तर तोच पिस्टन जोरात धावतो. चकत्यांची जाडी आणि रचना बदलून या दोन वेगांचा विरोध वेगवेगळा ठेवता येतो. काही शॉक हळू हालचालीला ताठ आणि जोराच्या धक्क्याला नरम असतात. अशी गाडी डांबरी रस्त्यावर नेटकी चालते. काहींचा विरोध वेगाबरोबर वाढतच जातो, आणि मोठ्या उड्या सोसायला तो उपयोगी पडतो. पिस्टन कुठे आहे त्यावरून विरोध बदलणारेही आहेत: फोर्डने २०१०च्या एफ-१५० रॅप्टर या पिकअपला कारखान्यातूनच फॉक्स कंपनीचे इंटर्नल बायपास शॉक दिले. त्यांच्यात मधल्या टप्प्यात तेलाला जादा वाट मिळते, टोकाकडे ती बंद होत जाते. हाताने शॉक दाबून 'बघा किती कडक आहे' म्हणणाऱ्याला यातलं काहीच कळलेलं नसतं, कारण हाताने येतो तो वेग फक्त संथ.

दबताना आणि उघडतानाचा विरोधही सारखा नसतो. दबताना स्प्रिंग स्वतःच मदतीला असते. उघडताना साठलेली सगळी ऊर्जा शॉकला एकट्याने आवरायची असते. म्हणून उघडतानाचा विरोध सहसा बराच जास्त ठेवतात. तो प्रमाणाबाहेर गेला तर पन्हळी रस्त्यावर चाक पुरतं खाली यायच्या आत पुढची लाट येते. गाडी इंचाइंचाने बसत जाते आणि शेवटी बंपस्टॉपवर, म्हणजे ॲक्सलला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटायला लागते. चालकाला वाटतं शॉक नरम आहे, आणि तो आणखी कडक शॉक शोधायला निघतो.

बरेच शॉक मात्र चुकीच्या लांबीने मरतात. मोजमाप स्वतः घ्यावं. ट्रक भक्कम स्टँडवर, ॲक्सल जॅकवर, शॉक काढलेला. ॲक्सल हळूहळू खाली सोडायचा आणि ब्रेकचा पाइप ताणला जायच्या आत थांबायचं. वरच्या माउंटिंगच्या (शॉक अडकवायच्या जागेच्या) मध्यापासून खालच्या मध्यापर्यंत टेप लावायचा: समजा ५८० मिलिमीटर. मग ॲक्सल वर उचलत बंपस्टॉप पुरता चेपला जाईपर्यंत न्यायचा: समजा ३८०. तर पूर्ण उघडा ५९०च्या आसपास आणि पूर्ण बंद ३७०च्या आत असा शॉक हवा. बंद लांबी जास्त निघाली तर बंपस्टॉपचा मार शॉक स्वतः खातो आणि माउंटिंग फाटतं. उघडी लांबी कमी निघाली तर लोंबणाऱ्या ॲक्सलचं वजन पिस्टनच्या रॉडवर झटक्याने येतं. ट्रक ५० मिलिमीटर उंच केला म्हणून तेवढाच जादा लांब शॉक आणला की बहुधा बंद लांबीही वाढलेली असते, आणि मग बंपस्टॉपही तेवढाच खाली आणावा लागतो.

वरच्या आकड्यांत चाल, म्हणजे उघड्या आणि बंद लांबीतला फरक, २२० मिलिमीटर निघते. उरलेल्या १५०मध्ये सील, पिस्टन आणि माउंटिंग बसवायचं असतं. मोनोट्यूबला त्यातच वायूची जागाही काढावी लागते, म्हणून तेवढ्याच लांबीत त्याची चाल कमी भरते. बाजूला वेगळी टाकी असलेले शॉक हा पेच सोडवतात: वायू टाकीत जातो, नळी चालीसाठी मोकळी होते आणि तेलही वाढतं.

शॉक तिरका बसतो तेव्हा त्याची ताकद चाकापर्यंत पूर्ण पोहोचत नाही. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला की परिणाम तीन-चतुर्थांश उरतो, ४५ अंशांना निम्मा. जागा नाही म्हणून माउंटिंग आडवं सरकवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पाट्यांच्या मागच्या ॲक्सलला मात्र एक शॉक पुढे आणि एक मागे दिसला तर तो एकाच बाजूला आणू नये. जोर लावताना ॲक्सल पीळ खातो, तो आवरायला ही मांडणी मुद्दाम केलेली असते.

बसवताना रबरी बुशचे (शॉकच्या टोकांतल्या रबरी नळीचे) नट गाडी जॅकवर असताना शेवटपर्यंत आवळू नयेत. ट्रक चाकांवर उभा राहिला की मग आवळावेत, नाहीतर बुश कायम पिळलेलाच राहतो आणि लवकर फाटतो. पहिल्या खडबडीत फेरीनंतर लगेच इन्फ्रारेड थर्मामीटर चारही शॉकवर धरून पाहावा (हात लावू नये, भाजतो). एकाच ॲक्सलवरच्या जोडीचं तापमान जवळपास सारखं हवं. त्यातला एक थंड निघाला तर तो काम करत नाही, आणि बदलून घ्यायचा तो तोच.