आवाज फाटतोय? ट्रम्पेट खोलायला देण्याआधी हे वाचा

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या ट्रम्पेटांपैकी बऱ्याच ट्रम्पेटांना काहीही झालेलं नसतं. दुरुस्तीवर पोट असणाऱ्यांनी हे छापून वाटावं म्हणजे जरा उलटाच प्रकार. पण गेल्या लग्नसराईच्या तोंडावर एक बँडमास्तर आले आणि त्यांच्यामुळे हा कागद काढायचं ठरलं.

मास्तर साठीच्या पुढचे. तक्रार एकच: "वर गेलं की आवाज फाटतो, मध्येच नुसती हवा येते." आम्ही तिन्ही पिस्टन, म्हणजे बोटांनी दाबायच्या कळा, काढून पुसले, त्यांच्या फेल्टच्या चकत्या बदलल्या, स्लाइड ओढून बघितल्या, हवा कुठून गळतेय का ते पाण्यात बुडवून पाहिलं. काही सापडलं नाही. आठ दिवसांनी मास्तर परत आले, तक्रार तीच. तिसऱ्या खेपेला आमच्या कामावरच्या पोराने तोच ट्रम्पेट सहज तोंडाला लावला, तर सूर खणखणीत लागला. मास्तर ओशाळून हसले आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं. वरचे पुढचे दात नवेकोरे होते, पांढरेशुभ्र, एका रांगेत. "पंधरा दिवस झाले कवळी बसवून," ते म्हणाले. "आता कसला ट्रम्पेट? संपलं."

त्यांना चहा दिला आणि तोमाश स्तान्को या पोलिश जॅझ ट्रम्पेटवादकाची गोष्ट सांगितली. ती ऐकून पुढे इतरांनीही विचारलं, म्हणून इथे लिहून काढली आहे.

आधी तोंडाचं बघू

सनईला पत्ती असते, क्लॅरिनेटला असते. ट्रम्पेटला पत्ती नाही, तिथे तुमचे ओठच पत्तीचं काम करतात. फुंकीने ओठ थरथरतात, ती थरथर माउथपीसच्या, म्हणजे तोंडाला लावायच्या तुकड्याच्या, वाटीतून साधारण दीड मीटर लांबीच्या नळीत जाते आणि नळी तिला मोठं करते. पिस्टन दाबला की नळीची लांबी वाढते, सूर उतरतो. पण त्याच नळीतून वरचा सूर काढायचा की खालचा, हे ओठ ठरवतात.

ओठ टेकतात पुढच्या दातांवर. माउथपीसची कड ओठावर आणि ओठ दातांवर, असा हा बांधा असतो. दात एक केसभर इकडेतिकडे झाला तरी वादकाला कळतं. दातच गेले तर वर्षानुवर्षं बसलेली ओठांची बैठक एका दिवसात मोडते. कवळी लावली तरी ती वरच्या सुराला हलते, तोंडात लाळ जास्त सुटते, आणि घाबरून माणूस माउथपीस आणखी दाबतो. दाबला की ओठ थरथरणं बंद. मग "ट्रम्पेट बिघडला" म्हणून वाद्य आमच्याकडे येतं.

झेशूफचा पोरगा

स्तान्को यांचा जन्म ११ जुलै १९४२ चा, पोलंडमधल्या झेशूफ गावचा. वडील व्हायोलिन वाजवायचे. पोराच्या हातातही आधी व्हायोलिन आणि पियानोच आला, ट्रम्पेट नंतर. देशात कम्युनिस्ट राजवट होती. जॅझ ऐकू यायचं ते मुख्यतः 'व्हॉइस ऑफ अमेरिका'वर, रेडिओच्या खरखरीतून. १९५८ मध्ये अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रूबेक पोलंडच्या दौऱ्यावर आला, तेव्हा स्तान्को पंधरा वर्षांचे होते. हे संगीत म्हणजे मोकळेपणा, असं त्या पिढीच्या मनात जे बसलं ते तिथून.

१९६२ मध्ये क्राकूफमध्ये त्यांनी पियानोवादक आदाम माकोविच यांच्याबरोबर 'जॅझ डेअरिंग्ज' हा गट काढला. युरोपातल्या पहिल्यावहिल्या मुक्त जॅझ (ठरलेल्या चाली-तालाला न बांधलेलं जॅझ) गटांत त्याचं नाव घेतात. पुढच्याच वर्षी पियानोवादक क्शिश्तोफ कोमेदा यांनी त्यांना आपल्याकडे घेतलं.

कोमेदा हे नाव लक्षात ठेवा. पेशाने कान-नाक-घशाचे डॉक्टर, मनाने पियानोवाले. दिग्दर्शक रोमान पोलान्स्की यांच्या सुरुवातीच्या बऱ्याच चित्रपटांना त्यांचंच संगीत होतं. डिसेंबर १९६५ मध्ये त्यांच्या पंचकाने वॉर्सात 'आस्टिग्मॅटिक' ही तबकडी ध्वनिमुद्रित केली. युरोपीय जॅझने अमेरिकेची नक्कल सोडून स्वतःच्या चालीने चालायला सुरुवात केली ती कुठे, असं कोणी विचारलं तर आम्ही हीच तबकडी पुढे करतो. तेवीस वर्षांचे स्तान्को तिच्यात आहेत. सूर थोडा खरबरीत, कडेला हवा सुटलेला. बँडच्या शिस्तीत वाढलेल्या कानाला पहिल्यांदा वाटेल की याचा पिस्टन अडकतोय. तो अडकत नाहीये.

अमेरिकेत झालेल्या अपघातात कोमेदांच्या डोक्याला मार लागला आणि एप्रिल १९६९ मध्ये ते गेले. अजून अडतिशीही गाठली नव्हती. स्तान्को यांनी १९७० मध्ये 'म्युझिक फॉर के' काढली, त्यातला 'के' म्हणजे कोमेदा. हे ऋण त्यांनी पुढे आयुष्यभर फेडलं.

१९७० च्या दशकात स्तान्को बर्लिनच्या ग्लोब युनिटी ऑर्केस्ट्रात वाजवत होते, फिनलंडचे ढोलवादक एडवर्ड वेसाला यांच्याबरोबर होते, आणि १९७५ च्या डिसेंबरमध्ये म्युनिकच्या ईसीएम कंपनीसाठी त्यांनी 'बालादिना' मुद्रित केली. त्या कंपनीकडे स्वतःच्या नावाची पुढची तबकडी मात्र बऱ्याच वर्षांनी आली. मधल्या काळात अमेरिकन पियानोवादक सिसिल टेलरसारख्या वादळाबरोबर वाजवलं, इलेक्ट्रॉनिक वाद्यांचा गट काढला. दारू-नशाही केली. ते त्यांनी नंतर स्वतःच मोकळेपणाने सांगितलं.

कार्ल्याच्या लेण्यात

ही गोष्ट सांगितली की आमच्या दुकानात माणूस हमखास दोनदा विचारतो: "कुठलं कार्ला? आपलं?"

हो, आपलंच. लोणावळ्याजवळचं, एकवीरेच्या पायऱ्यांचं. १९८० मध्ये स्तान्को भारतात आले आणि त्यांनी दोन ठिकाणी एकट्याने ट्रम्पेट वाजवला, एक ताजमहाल आणि दुसरं कार्ल्याचं चैत्यगृह. साथीला पियानो नाही, ढोल नाही, कोणी नाही. तबकडीचं नावच 'म्युझिक फ्रॉम ताजमहाल अँड कार्ला केव्ह्ज'.

ट्रम्पेटवर एका वेळी एकच सूर निघतो, हा त्या वाद्याचा जन्मजात अडसर. हार्मोनियमवाला तीन पट्ट्या दाबून मोकळा होतो, ट्रम्पेटवाल्याला ती सोय नाही. पण कार्ल्याचा चैत्य सुमारे १२४ फूट लांब आहे, साधारण ४५ फूट रुंद आणि जवळपास तितकाच उंच. तो अख्खा एका दगडातून कोरलेला आहे, वर कमानदार छत आणि छताला दोन हजार वर्षांपूर्वीच्या लाकडी फासळ्या. सूर सोडला की तो लगेच विझत नाही. पहिला हवेत असतानाच दुसरा सोडायचा, म्हणजे दोन्ही एकमेकांना भेटतात. लेणंच मग साथीला बसतं. अशा जागी घाई चालत नाही. सूर सोडून थांबायचं, भिंतीकडून काय येतंय ते ऐकायचं, मग पुढचा.

आमच्यातला एक जण रविवारी सकाळी मुद्दाम तिथे जाऊन आला. ट्रम्पेट न्यायची हिंमत झाली नाही. खाली देवीच्या पायऱ्यांवर कोळी मंडळींची पालखी चढत होती, गर्दी होती. आत जाऊन त्याने फक्त एक टाळी वाजवली. पहारेकऱ्याने डोळे वटारले. टाळी मात्र स्तूपापर्यंत जाऊन आली, असं तो अजून सांगतो.

थांबण्याची ही सवय स्तान्को यांच्या नंतरच्या वादनात जागोजाग ऐकू येते. ती लेण्यातून आली असं आम्ही म्हणणार नाही, आधीपासूनच होती. पण सवयीला साजेशी जागा तिथे मिळाली, एवढं नक्की.

आणि दात गेले

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, स्तान्को यांचे स्वतःचे दात गेले. आमच्या मास्तरांचं जे झालं तेच.

त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक, चांगला दंतवैद्य गाठला. दुसरी, लांब सूर. तासन् तास एकच सूर धरायचा, मग पुढचा. त्यात ना गाणं, ना ताल, ना टाळ्या. हा रियाज कंटाळवाणा आहे हे ते स्वतःच सांगत. पण ओठांचे स्नायू त्यानेच पुन्हा उभे राहिले आणि खोट्या दातांवर नवी बैठक बसली.

आता पुढचं वाचा, मास्तरांना आम्ही हेच मोजून दाखवलं होतं. बोबो स्टेन्सन (पियानो), आंदेर्स यॉर्मिन (बास) आणि टोनी ऑक्सली (ढोल) यांच्याबरोबरची चौकडी त्यानंतरची. तिच्यासह ईसीएमकडे परत येऊन केलेल्या 'मात्का योआना' आणि 'लेओशा' त्यानंतरच्या. कोमेदांच्या रचनांची 'लितानिया' १९९७ ची. मार्चिन वाशिलेव्स्की, स्वावोमिर कुर्कयेविच आणि मिखाऊ मिश्कयेविच ही तीन पोरं त्यांना भेटली तेव्हा शाळकरी वयाची होती. त्यांना घेऊन स्तान्को वर्षानुवर्षं वाजवत राहिले आणि मग 'सोल ऑफ थिंग्ज', 'सस्पेंडेड नाइट', 'लोन्तानो' या तबकड्या आल्या. युरोपियन जॅझ प्राइझ सुरू झालं ते २००२ मध्ये, आणि पहिलं त्यांनाच मिळालं. जग ज्या कामामुळे त्यांना ओळखतं त्यातलं बहुतेक काम कवळी लावून केलेलं आहे.

साठी उलटल्यावर त्यांनी न्यूयॉर्कलाही बिऱ्हाड केलं आणि तिथल्या तरुण वादकांची नवी चौकडी बांधली. कवयित्री विस्वावा शिंबोर्स्का यांच्या काव्यवाचनाबरोबर त्यांनी ट्रम्पेट वाजवला होता. त्या २०१२ मध्ये गेल्या, आणि पुढच्या वर्षी 'विस्वावा' ही दोन तबकड्यांची जोडी आली. 'डिसेंबर अव्हेन्यू' २०१७ ची. २९ जुलै २०१८ ला वॉर्सात फुप्फुसाच्या कॅन्सरने ते गेले, वय ७६.

काय ऐकावं

नवख्याने 'सस्पेंडेड नाइट'पासून सुरुवात करावी. चाली सोप्या, रात्रीच्या. नंतर 'लितानिया'. 'आस्टिग्मॅटिक' सकाळी ताज्या कानाने ऐका, जेवणानंतर नको. ऐकताना वरच्या सुरांकडे लक्ष द्या. ते नीट, गुळगुळीत नसतात, कधी सूर खरवडत वर जातो आणि तिथेच सोडून दिला जातो. आमच्या मते हे मुद्दामचं आहे आणि देखणं आहे. लग्नात असं वाजवलंत तर वरपिता पैसे कापेल, ती जबाबदारी तुमची.

तुमच्यासाठी

दातांचं काम करून घेणार असाल तर दवाखान्यात ट्रम्पेट आणि माउथपीस घेऊनच जा. कड नेमकी कुठे टेकते ते डॉक्टरांना दाखवा, वाजवून दाखवा. काढायचे दात काढण्याआधी हे केलं तर उत्तम. दाताबद्दलचा निर्णय त्यांचा, त्यात आम्ही पडत नाही.

कवळी बसली की पहिले काही आठवडे कार्यक्रम घेऊ नका. रोज मधल्या पट्टीतला एक सूर, हळू आवाजात, दम संपेपर्यंत धरा. सूर थरथरला की सोडा, तेवढीच विश्रांती घ्या, पुन्हा धरा. ओठावर गोल वळ उमटत असेल तर तुम्ही दाबताय. वर जायची घाई करू नका. स्तान्को यांनीही केली नव्हती.

कड रुंद आणि गोलसर असलेला माउथपीस दाब पसरवतो, अशा वेळी बऱ्याच जणांना बरा पडतो. सूर झटपट बदलताना मात्र थोडा जड वाटतो. आमच्याकडे असे काही माउथपीस आहेत. विकत घेण्याआधी आठवडाभर घरी नेऊन वाजवून बघा, त्याचे पैसे नाहीत. परत देताना कोमट पाण्याने धुऊन द्या, एवढी विनंती.

वाद्य तपासायला आणताना तेल घातलेलं असू द्या. चकाकी यावी म्हणून भांडी घासायच्या पावडरीने घासून आणू नका, लॅकर, म्हणजे पितळेवरचा चकाकीचा थर, निघून जातो आणि मग बोल आम्हाला बसतो. गणपतीच्या आधीचे दोन महिने गर्दी असते, त्यात आजच्या आज होणार नाही. तपासणी तुमच्यासमोर होईल. आधी आमचा पोरगा वाजवेल, मग तुम्ही. वाद्य ठीक निघालं तर पैसे घेणार नाही.

कवळी असेल तर ती लावूनच या.