लिग्नोकेन: जिभेने लावलेला शोध

दात काढताना डॉक्टर हिरडीत इंजेक्शन देतात, चार-पाच मिनिटं थांबतात आणि विचारतात, "ओठ जड झाला का?" आपण मान हलवली की पुढचं काम सुरू होतं. त्या सिरिंजमध्ये बहुतेक वेळा लिग्नोकेन असतं. याचंच दुसरं नाव लिडोकेन. आपल्याकडे कित्येक जण त्याला झायलोकेन या ब्रँडच्या नावानेच ओळखतात.

याआधी कोकेन होतं. १८६०च्या सुमारास जर्मनीत आल्बर्ट नीमान याने कोकाच्या पानांतून ते वेगळं केलं आणि त्याने जीभ बधिर होते, अशी नोंदही केली. त्या नोंदीचा उपयोग व्हायला पुढे पंचवीसेक वर्षं गेली. १८८४ मध्ये व्हिएन्नातल्या कार्ल कोलर या तरुण डॉक्टरने कोकेनचे थेंब आधी बेडकाच्या आणि मग स्वतःच्या डोळ्यात घातले, बुबुळाला टाचणी लावून पाहिली. काहीच जाणवलं नाही. तोवर डोळ्याची शस्त्रक्रिया म्हणजे रुग्णाला घट्ट धरून ठेवणं. त्या लोकांनी काय सोसलं असेल, याची कल्पनाही करवत नाही.

पण कोकेनने व्यसन लागे, जीवही जाई. १९०४-०५ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्फ्रेड आइनहॉर्नचं प्रोकेन, म्हणजे नोवोकेन आलं. व्यसनाचा प्रश्न मिटला, मात्र ते टिकायचं कमी आणि काहींना त्याची ॲलर्जी यायची.

यानंतरची गोष्ट मला सगळ्यात जवळची वाटते, कारण ती शेतातल्या पिकापासून सुरू होते. १९३०च्या दशकात स्टॉकहोममध्ये रसायनशास्त्रज्ञ हान्स फॉन ऑयलर-चेल्पिन बार्लीच्या, म्हणजे सातूच्या, हरितद्रव्य नसलेल्या रोपांचा अभ्यास करत होते. त्या रोपांत सापडलेल्या ग्रामीन या द्रव्याची रचना ठरवताना होल्गर एर्ड्टमन यांच्या हातून त्याचा जुळा भाऊ शोभेल असा आयसोग्रामीन तयार झाला. त्यांनी तो चाखला आणि जीभ बधिर झाली. खुद्द ग्रामीनने तसं होत नव्हतं!

त्यांचा सहकारी नील्स लोफग्रेन याने हा धागा सोडला नाही. कितीतरी संयुगं करून पाहिली, बाद केली. अखेर १९४३ मध्ये बेंग्ट लुंडक्विस्ट या तरुण सहकाऱ्यासोबत त्याला 'एलएल ३०' मिळालं, तेच आजचं लिग्नोकेन. लुंडक्विस्टने भुलीची पुस्तकं उसनी आणली आणि स्वतःच्याच बोटांत इंजेक्शनं घेऊन पाहिली. ॲस्ट्रा कंपनीने हक्क घेतले. १९४८ मध्ये झायलोकेन बाजारात आलं.

प्रोकेनचा रेणू एस्टर नावाच्या रासायनिक जोडणीचा, तो रक्तातच झटकन तुटतो. लिग्नोकेनची जोडणी अमाइडची. ती यकृतात सावकाश तुटते आणि ॲलर्जी क्वचितच होते. काम मात्र दोघांचं एकच: मज्जातंतूच्या आवरणातले सोडियमचे मार्ग बंद करणं, म्हणजे वेदनेचा संदेश पुढे जात नाही. तिथे आत शिरू शकतो तो विद्युतभार नसलेला रेणूच, आणि शरीराच्या नेहमीच्या सामूत (पीएच ७.४) असे रेणू साधारण चौथा हिस्सा असतात. पू झालेल्या जागी आम्लता वाढते, हा हिस्सा आणखी घटतो. सुजलेल्या दाताला इंजेक्शन देऊनही दुखतं ते याच कारणाने. रुग्ण तेव्हा नाटक करत नसतो.

पन्नासच्या दशकापासून हेच औषध हृदयाच्या खालच्या कप्प्यांतले बिघडलेले ठोके आवरायला शिरेतूनही दिलं जाऊ लागलं. हार्ट ॲटॅकच्या प्रत्येक रुग्णाला खबरदारी म्हणून ते देण्याची पद्धत मात्र नंतर मागे पडली.

मात्रेचं भान सुटता कामा नये. नुसतं लिग्नोकेन वजनाच्या किलोमागे साधारण ४.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. २ टक्क्यांच्या बाटलीत दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १३ मिलिलिटरच्या आसपास हद्द. ॲड्रेनालिन मिसळलं की रक्तवाहिन्या आकसतात, औषध जागेवरच राहतं आणि ही हद्द किलोमागे ७ मिलिग्रॅमपर्यंत जाते. औषध रक्तात जास्त गेलं तर कानात आवाज येतो, तोंडात धातूची चव येते, पुढे झटकेही येऊ शकतात. त्याआधी बऱ्याचदा जिभेला आणि ओठांभोवती मुंग्या येतात. इंजेक्शन हाताला दिलेलं असताना जीभ बधिर वाटू लागली, तर त्याच क्षणी डॉक्टरांना सांगा.